पायांनी मत

"एवढ्या शिकलेल्या सोसायटीत चार पेनं निघू नयेत?" सेक्रेटरी विश्वजीतनं कोऱ्या चिठ्ठ्या टेबलावर आपटल्या.

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीची सभा पार्किंगमध्ये भरली होती. ठराव असा, की यापुढे बिगरकुटुंबी भाडेकरू ठेवायचे नाहीत. नाव कुणी घेतलं नव्हतं. असे भाडेकरू एकट्या विमलाबाईंकडेच होते: अपेक्षा आणि श्रद्धा, अमरावतीच्या, आयटीतल्या. कंपनीची गाडी त्यांना न्यायला भल्या पहाटे यायची नि हॉर्न वाजवायची. त्यांच्या भाड्यावर विमलाबाईंचं घर चालायचं.

सकाळी जिन्यात गोपाळकृष्ण विमलाबाईंना म्हणाले होते, "निर्धास्त राहा. चिठ्ठीत कोण कुणाला भितो? निम्मी सोसायटी तुमच्या बाजूनं आहे. मी धरून."

पण गोपाळकृष्ण पडले इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. जुना शब्द आठवला की तो त्यांच्या पोटात राहत नसे.

"पेन कशाला?" ते बोलून गेले. "जुन्या रोमच्या सिनेटमध्ये काही सभासदांना बोलायचा अधिकार नसे. ज्याचं पटलं त्याच्याकडे ते चालत जात, तेच मत. इंग्रजीत त्यांना पेडेरियन म्हणत, म्हणजे पायांनी मत देणारे. लॅटिनमधून आलेला शब्द. आता कोशात धूळ खातो."

"मग धूळ झटकू," विश्वजीत म्हणाला. "ठराव मान्य असेल त्यांनी माझ्याकडे या. नसेल त्यांनी विमलाबाईंकडे जा."

"अहो, मी आपलं उदाहरण म्हणून..."

तोवर खुर्च्या सरकल्या होत्या. जो तो आधी शेजाऱ्याच्या पायांकडे बघे, मग स्वतःचे उचले. मंदाकिनीबाईंच्या नातवाला श्रद्धा फुकट गणित शिकवायची. त्या चपला शोधत शोधत विश्वजीतपर्यंत पोचल्या.

मीटरच्या पेटीपाशी विमलाबाई एकट्या उभ्या राहिल्या.

"सर, कल्पना तुमची, आणि तुम्हीच बसून?" विश्वजीतनं विचारलं.

यानंतर लिफ्टचा ठराव यायचा होता, तोही विश्वजीतच्याच हातात. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गोपाळकृष्णांचे गुडघे वर्षभर त्याची वाट पाहत होते. ते खुर्चीचा हात धरून अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

विमलाबाईंनी ते पाहिलं. पदर खोचून त्या निघाल्या.

"बसा हो," जवळून जाताना त्या हळूच म्हणाल्या. "मला इथंच राहायचंय." आणि जाऊन मंदाकिनीबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"एकमतानं मंजूर," विश्वजीत म्हणाला.

टाळ्या वाजल्या. गोपाळकृष्ण आता पूर्ण उठले आणि एकेक पाऊल टाकत मीटरच्या पेटीपाशी जाऊन उभे राहिले.

"सर," विश्वजीतनं हाक मारली, "चहा इकडे आहे."