थंड टायरची साक्ष

ट्रक टर्मिनसच्या फाटकापाशी ऐन दुपारी एवढी गर्दी, की आत येणाऱ्या गाड्या रस्त्यावरच खोळंबलेल्या. मधोमध हवाबाबा. त्याचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. एका भरलेल्या ट्रकच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून त्याने टायरवर तळवा ठेवला होता.

"फेरीला जाण्याआधी हवेचं प्रेशर किती होतं?"

"एकशे दहा पौंड, बाबा. तुमच्याच गेजवर."

"टेकडीपर्यंत जाऊन आलास. वाटेत कुठे हवा भरलीस?"

"छे, बाबा."

बाबाने हवा मोजायचं गेज लावलं आणि सगळ्यांना दाखवलं. काटा एकशे पंचवीसला. लोकांनी हात जोडले. पाइप नाही, पंप नाही, आणि हवा वाढलेली.

"ही हवा नव्हे रे लेकरांनो," बाबा म्हणाला. "पुढच्या रस्त्यावर दबा धरून बसलेलं संकट आहे. फेरीत ते टायरात शिरलं. आता मी त्याला हाकलतो." त्याने व्हॉल्व्ह दाबला. फुस्स. "ऐकलंत? कसं चडफडतंय." काटा पुन्हा एकशे दहावर आला तेव्हा संकट संपलं. संकटसुद्धा कसं अगदी मापातलं. "आता वाटेत गेज लावायचं नाही. घरचा फोन घ्यायचा नाही. शंका आली की माझं कवच तुटलंच म्हणून समज."

आता तुम्ही म्हणाल, ज्यांचा जन्म चाकावर गेला त्यांना टायरची हवा बाबाने शिकवावी? पण त्या उन्हाळ्यात टायर फुटून बरीच माणसं गेली होती, आणि पोटात भीती शिरली की माणूस शिकलेलं विसरतो. बाबा आल्यावर काही दिवस काही फुटलं नाही. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढंच. पण बाबाचं बस्तान बसलं.

फाटकासमोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर दवाखाना होता. तिथली डॉक्टरीण हे सगळं खिडकीतून बघायची आणि मनातल्या मनात संतापायची. तिच्या वडिलांनी ट्रक चालवून तिला शिकवलं होतं. तोच ट्रक आता तिचा धाकटा भाऊ चालवत होता, आणि तोही बाबाच्या रांगेत उभा राहायचा.

"अरे, परवा अपघातात गेला तो गप्प्या ड्रायव्हर बाबाकडून हवा काढून घेऊनच निघाला होता ना?" ती त्याला म्हणाली. "मग त्याचा टायर का फुटला?"

"त्याने वाटेत गेज लावलं, ताई. शंका घेतली."

"कोणी पाहिलं?"

"बाबा म्हणाले."

"मेलेल्या माणसावर काय, कुठलाही आळ घ्यावा. तो थोडाच उठून नाही म्हणणार आहे?"

भाऊ हसला. "ताई, तू माणसांचं प्रेशर बघ. टायरचं आम्ही बघतो."

काटा कसा चढतो ते तिलाही सांगता येत नव्हतं. याचंच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी भावाला माल भरून घाटापलीकडे जायचं होतं. दुपारी टेकडीची फेरी झाली, सगळ्या चाकांतून संकट फुसफुसून बाहेर पडलं, आणि फाटकातून निघताना त्याने ताईच्या खिडकीकडे बघून हात हलवला. तेवढ्यात दवाखान्यात एक म्हातारबाबा धापा टाकत शिरले आणि बाही वर करून बसले.

"आधी जरा शांत बसा, काका," ती सवयीने म्हणाली. "जिना चढून आल्याआल्या मोजलं तर प्रेशर वाढलेलंच दिसणार."

बोलली आणि हातातला पट्टा तसाच राहिला. टायरही धावूनच आलेला असतो. भर उन्हात, ओझं घेऊन. टायर तापतो, आतली हवा तापते, काटा चढतो. निवला की काटा आपोआप खाली येतो. बाबा त्या तापलेल्या टायरातली हवा काढत होता. म्हणजे टायर निवल्यावर हवा कमीच पडणार. कमी हवेचा टायर ओझ्याखाली दबतो, लवतो, आणखी तापतो, आणि शेवटी फुटतो.

तिने भावाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. त्याने उचलला नाही. शहाण्यासारखा तो बाबाचं ऐकत होता.

दिवस मावळायच्या आत घाटात त्याच्या ट्रकचा पुढचा टायर फुटला आणि ट्रक कड्यावर आदळला. केबिनचा चेंदामेंदा झाला. मागची चाकं तेवढी धड राहिली.

घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या.  भावजयीने मान वर केली.

"वन्सं, तुम्ही त्यांना फोन केला होतात?"

"हो. खूपदा केला. त्याने एकदाही उचलला नाही."

"बाबा सगळ्यांना सांगताहेत, तुमच्या फोननेच कवच तुटलं."

डॉक्टरणीला वाटलं, आत्ता जाऊन त्या माणसाचा गळा धरावा. भाऊ तर गेलाच होता, आता भावजयीच्या मनात ती स्वतःच त्याची खुनी होऊन बसणार होती.

"ट्रक ओढून टर्मिनसात आणलाय," ती म्हणाली. "उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, माझ्याबरोबर चल. मग मला काय बोलायचं ते बोल."

सकाळी शेडखाली तो मोडका ट्रक उभा होता. त्याच्याकडे न बघता ड्रायव्हर बाबाभोवती जमले होते. डॉक्टरणीने बाबाचंच गेज मागितलं आणि ते भावजयीच्या हातात दिलं.

"तूच मोज. माझ्या हातावर कोणी आळ नको घ्यायला."

भावजयीने मागच्या चाकाला गेज लावलं. शहाण्णव. दुसऱ्याला लावलं. पंचाण्णव.

"धक्क्याने हवा गेली," बाबा चटकन म्हणाला.

"बरं," डॉक्टरीण म्हणाली. "त्या लंबू ड्रायव्हरचा ट्रक घ्या. काल दुपारी तुम्हीच त्याचं संकट काढलंत. तेव्हापासून तो सावलीत उभा आहे. लंबू, कोणी हात लावला?"

लंबू ड्रायव्हरने नकारार्थी मान हलवली. भावजयीने गेज लावलं. शहाण्णव. "काल बाबांनी एकशे दहावर ठेवलं होतं," लंबू हळूच म्हणाला.

"आता ही गाडी टेकडीला जाऊन येऊ दे. बाबा इथेच बसतील, हात मांडीवर ठेवून. मंत्र नको, तळवा नको."

ऊन चांगलं तापल्यावर गाडी परत आली. काटा एकशे दहाला. 

"संकट आलं म्हणायचं की टायर तापला?" डॉक्टरणीने विचारलं. "थंड असतानाच मोजायचं, ओझ्याप्रमाणे भरायचं, आणि तापलेल्या टायराची हवा कधीच काढायची नाही. हे तुम्हाला सगळ्यांना येत होतं. या माणसाने संकट काढलं नाही. रोज एकेका गाडीत भरून पाठवलं."

बाबाने पिशवी उचलली, पण लंबूने फाटक लावून घेतलं. पोलीस येईपर्यंत ते कोणी उघडलं नाही.

भावजय नवऱ्याच्या ट्रकपाशी गेली. फुटलेल्या केबिनवर तिने हात ठेवला आणि पहिल्यांदाच रडली. डॉक्टरीण तिच्याजवळ उभी राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, "त्यांनी तुमचा फोन घ्यायला हवा होता."

एक तरुण ड्रायव्हर माल घेऊन फाटकाशी थांबला होता. त्याला कळेना, आता कोणाला विचारून निघायचं. भावजयीने डोळे पुसले आणि ते गेज त्याच्या हातात दिलं.

"गाडी थंड असताना स्वतः मोज, दादा. वाटेत काही वेगळं वाटलं तर थांब, पुन्हा बघ. घरचा फोन आला तर गाडी बाजूला घेऊन उचल. आणि शंका घे. माझ्या नवऱ्याने घेतली नाही."