पुजून ठेवलेलं वर्कशॉप

भीमाबाईनं डोक्यावरचं घमेलं शाळेच्या दारात आपटलं आणि आत बघून ओरडली, "गुरुजी, कुलूप काढता का दगड आणू?"

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि जामुलकडच्या मुरमाड माळावरची आमची भंडाऱ्याकडची वस्ती त्याच्या बांधकामावर राबत होती. पोरांनी शाळेतच लोखंडाला हात लावावा म्हणून सरकारनं पत्र्याची शेड बांधून दिली होती. लोखंड कातायची एक लेथ, लोखंड जखडून धरणारे वाईस, कानशींची पेटी. जानराव गुरुजींनी शेडला पहिल्याच दिवशी कुलूप घातलं. वापरलं तर झिजेल म्हणे!

वर्कशॉपचा तास मात्र नेमानं व्हायचा. पोरं खिडकीतून लेथ बघायची आणि फळ्यावरचं चित्र उतरवून घ्यायची. कानस कशी धरावी यावर पानभर लिहायची. धरली कुणीच नव्हती.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, दार उघडे. गुरुजी लेथला हळदकुंकू लावत, झेंडूचा हार घालत, नारळ फोडून पाणी वरून शिंपडत आणि पुन्हा कुलूप घालत.

भीमाबाईचा गुलाब अकरावीत होता. कारखान्यात शिकाऊ कामगारांची भरती आठवड्यावर आली होती आणि तिथं लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून दाखवायचा होता. जमलं तर पोरगा कारागीर होणार, नाहीतर आईसारखं डोक्यावर घमेलं.

"अहो बाई, साहेब तपासणीला येणार आहेत," गुरुजी म्हणाले. "सामान नव्यासारखं दिसायला हवं."

"तुमी सायबाले सामान दाखवान. माया पोरगा तिथं काय दाखवीन? तुमी लिवून देल्लेलं पान?"

"त्याला मार्क चांगले आहेत."

"मार्कानं लोखंड घासते काय गुरुजी?"

लोक जमले होते. भीमाबाई त्यांच्याकडे वळली. "तुमीच सांगा. आपल्या गावी दसऱ्याले नांगर पुजला का त्या दिशी त्याले आराम. पन दुसऱ्या दिशी त्याले मातीले लावाच लागे का नाई? नाई लावला त पूजा वाया!"

पोरं काय शिकतात याच्याशी वस्तीला कधी घेणं नव्हतं. पण पूजा वाया जाते म्हटल्यावर सगळे खडबडून जागे झाले. धोंडबा म्हातारा काठी आपटत पुढं आला.

"कावून गुरुजी, इतले वर्सं आमची पूजा वाया घालून राहिले काय तुमी?"

पोरांच्या नुकसानीला कधी न भ्यालेले गुरुजी म्हाताऱ्याच्या काठीला भ्याले. कुलूप निघालं.

आत बघतो तर लेथचं चाक हलेना. नारळाच्या पाण्यानं गंज धरलेला, वाईसच्या आट्यांत कुंकू घट्ट बसलेलं. झिजू नये म्हणून जपलेलं सामान पूजेनंच खाल्लं होतं. गुलाबनं आधी तो गंज खरवडला, मग लोखंडाचे तुकडे घासायला घेतले. कानस घसरे, बोटं सोलून निघत. भीमाबाई कामावरून येऊन दारात बसे आणि पोराचे फोड बघून हसे. मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं.

गुलाब भरतीत निवडला गेला.

पुढच्या दसऱ्याला गुरुजींनी त्याला मानानं बोलावलं. लेथशेजारी खुर्चीवर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात हार घातला. "आपल्या वर्कशॉपनं घडवलेला विद्यार्थी!" असं म्हणून टाळ्या घेतल्या आणि पोरांना दटावलं, "लांबूनच बघा रे. कुणी हात लावू नका." दाराच्या कडीला नवं कुलूप होतंच.

भीमाबाई उठली. "झाली न माया पोराची पूजा?"

"झाली, बाई."

"मंग उद्या याले कामाले लावा लागन. त्याले सुट्टी हाय. तो पोट्ट्याइले कानस धराले शिकवीन." तिनं हात पुढं केला. "आना किल्ली."

गुरुजींनी इकडं तिकडं पाहिलं. धोंडबानं काठी आपटली. गुरुजींचा हात मुकाट्यानं खिशात गेला.