हिरवळीवरचा घरभेदी

मॉबर्लींच्या वकिलाने आमच्या वकिलाला कळवलं, की गावातल्याच एका व्यक्तीने लिहिलेले काही कागद त्यांच्याकडे आहेत आणि ते सुनावणीत वाचले जातील. त्या दिवसापासून मी नेदर हॅस्कममधल्या एकाही माणसाकडे सरळ नजरेने पाहिलं नाही.

प्रश्न चर्च आणि पबच्या मधल्या हिरवळीचा होता. तिथे जुन्या बाजाराचा दगडी क्रूस आहे. त्याच्या पायऱ्यांवर बसून चाळीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांनी पाढे सोडून बाकी सगळं शिकून घेतलं. जमीन कागदोपत्री मॉबर्लींची, आणि त्यांना तिथे चौदा घरं बांधायची होती. म्हणजे पबच्या बाकावर बसलं की चर्चच्या मनोऱ्याऐवजी कुणाच्या तरी न्हाणीघराची खिडकी दिसणार. कायदा मात्र मोठा गमतीचा आहे. गावाने वीस वर्षं ती जागा उघडउघड आणि कुणाला न विचारता वापरली असेल, तर ती कायमची गावाची हिरवळ. विचारून वापरली असेल, तर मालक म्हणेल ते. आम्ही ऐंशी जणांनी लेखी दिलं होतं, की आम्ही कधीच कुणाला विचारलं नाही. सगळ्यांत वर माझी सही होती.

मग हा घरभेदी कोण?

पहिला संशय डेस्मंडवर. पब त्याचा, आणि चौदा घरं म्हणजे चौदा तहानलेली कुटुंबं. मी गल्ल्यासमोर उभं राहून त्याला सरळ विचारलं. तो ग्लास पुसत राहिला.

"बाई, तिसरीत तुम्ही मला खडू चोरला म्हणून कोपऱ्यात उभं केलंत. खडू हॅरिएटने घेतला होता. आता परत जाऊ का कोपऱ्यात?"

त्याचं नाव मी यादीतून काढलं, पण पेन्सिलीने.

राहिला लेनर्ड फेन. हा जुन्या जकातघरात राहतो. लंडनहून आला त्याला सात वर्षं झाली, म्हणजे आमच्या हिशेबाने काल. सगळ्यांचे जबाब त्यानेच लिहून घेतले, जुने फोटो गोळा केले, क्रुसाच्या पायऱ्यासुद्धा मोजल्या. परक्या माणसाला एवढा पुळका कशाचा, हे मला पहिल्यापासून खटकत होतं. आणि एका मंगळवारी बसच्या थांब्यावरून मी त्याला मॉबर्लींच्या कचेरीतून बाहेर पडताना पाहिलं. मला बघताच त्याने मान खाली घातली आणि रस्ता ओलांडला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

चर्चमध्ये फुलं लावणाऱ्या बायकांना मी एवढंच सांगितलं, की मी जे पाहिलं ते पाहिलं. बाकीचं त्यांनी केलं. दर रविवारी चर्चची घंटा वाजवायला तो ओढायचा तो दोर आठवडाभरात खाटकाच्या पुतण्याकडे गेला. पबमधल्या प्रश्नमंजुषेत त्याच्या टेबलावर तो एकटा उरला. डेस्मंडने मला विचारलं, की बाई, पुरावा काय. मान खाली घालून गेला हाच पुरावा, असं मी ठणकावलं. त्याच आठवड्यात फेन दोनदा माझ्या दारात आला. मी पडद्यामागे उभी राहून त्याच्या थापा मोजल्या आणि दार उघडलं नाही. मला त्याचा खरोखर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागाची थोडी मजाही वाटत होती.

सुनावणी गावच्या सभागृहात झाली. निवाडा करायला आलेल्या बाईंनी आमच्या बिस्किटांना हात लावला नाही, तेव्हाच मला धाकधूक वाटायला लागली. फेनच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मॉबर्लींच्या वकिलाने फीत बांधलेला गठ्ठा सोडला आणि वरचं पत्र वाचलं.

"प्रिय मिस्टर मॉबर्ली, याही वर्षी मुलांना हिरवळीवर खेळू द्यावं आणि उन्हाळी जत्रेला जागा द्यावी, ही विनंती. आपण दर वर्षी आनंदाने परवानगी देता, त्याबद्दल गाव आपलं आभारी आहे. सोबत जॅमची बरणी."

बरणीपर्यंत येण्याआधीच मी ते पत्र ओळखलं होतं. दर मे महिन्यात एक बरणी आणि एक चिठ्ठी. आधी आई लिहायची, मग मी. ते विचारणं नव्हतंच. आमच्याकडे दुसऱ्याने आपल्या पायावर पाय दिला तरी आपणच माफी मागतो, तसलं ते होतं. नाही कधी कुणी म्हटलं नाही, म्हणून आपण काही विचारतोय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

वकील म्हणाला, सही नुसती आद्याक्षरांची आहे, हे अक्षर कुणी ओळखतं का. सभागृहातली निम्मी माणसं ते अक्षर गिरवूनच लिहायला शिकली होती. एकानेही तोंड उघडलं नाही. डेस्मंड छताकडे पाहत होता. फेनने मान खाली घातली होती, अगदी त्या मंगळवारसारखी.

मी उठले. "अक्षर माझं आहे," मी म्हणाले, आणि वकिलाने माझे आभार मानले.

बाहेर क्रुसाजवळ मी फेनला गाठलं. तुम्हाला माहीत होतं का, असं मी विचारायच्या आधीच त्याने सांगितलं. जबाब त्यानेच गोळा केले, म्हणून त्या मंगळवारी मॉबर्लींनी त्याला बोलावून पत्रं दाखवली होती. माझ्याकडून आलेली एक स्वागताची चिठ्ठी त्याच्याजवळ होती, त्यावरून त्याने अक्षर ओळखलं. ही पत्रं वापरू नका म्हणून त्याने हात जोडले, पण त्यांनी ऐकलं नाही.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"दोनदा आलो होतो, मिस ब्रॅकली. पडद्याखाली तुमचे पाय दिसत होते."

तीन आठवड्यांनी निकाल लागला. हिरवळ मॉबर्लींची. कुंपणाचे खांबही येऊन पडले.

त्या संध्याकाळी मी फेनला माफीचं पत्र लिहायला बसले. 'प्रिय मिस्टर फेन' एवढं लिहिलं आणि स्वतःच्या अक्षराची शिसारी आली. कागद फाडला आणि कोट घातला. वळसा न घेता, कुणालाही न विचारता हिरवळीवरून सरळ चालत गेले आणि जकातघराचं दार ठोठावलं.

आत पडदा हलला. दार उघडलं नाही. मी पुन्हा ठोठावलं. पडद्याखाली त्याचे तपकिरी जोडे दिसत होते, जागच्या जागी. मी तिसऱ्यांदा ठोठावलं.