बाल्कनीची बोली

तो पांढरा ठिपका बोटाखाली सरकत होता, पण बोट उचललं की किंचित मागं येत होता — निदान शिवकन्येला तसं वाटत होतं, कारण चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता आणि उठून आणायचा कंटाळा आला होता. कंटाळा नव्हे, थकवा. हे दोन शब्द ती अलीकडं वेगळे करू लागली होती. मोबाइलवर लाल, मग पिवळा, मग हिरवा असा एक बारीक पट्टा आणि त्यावर हा साबुदाण्याएवढा ठिपका. लालात ठेवला तर खोली मिळणार नाही, हिरव्यात नेला तर बहुतेक मिळेल... बहुतेकच, कारण बाकीच्यांनी काय बोली लावली ते कुणालाच दिसत नाही. शुभांगीनं पुण्याहून हे दोनदा समजावून सांगितलं होतं. लेकीनं आईवडिलांसाठी क्रूझ ठरवली होती, मुंबईहून निघणारी. अप्पांना अजून थोडंफार कळतंय तोवर समुद्र बघून होऊ दे, म्हणाली होती. त्यात वाट्याला आली होती जहाजाच्या पोटातली, बिनखिडकीची खोली. आणि आता कंपनीचा मेल : वरची, बाल्कनीबिल्कनीची खोली हवी असेल तर बोली लावा, आज संध्याकाळपर्यंत.

बोली हा शब्द या घराला नवा नव्हता. मुरूम गावच्या बाजारात अप्पांची — गुरुसिद्धप्पांची, पण नवऱ्याला सगळा गाव अप्पा म्हणे म्हणून तीही मनातल्या मनात अप्पाच म्हणायची — भुसाराची अडत होती. तुरीच्या ढिगापाशी उभं राहून ते सौदा पुकारायचे तेव्हा पार रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. आता ते समोरच्या खुर्चीत बसून सदऱ्याचं बटण लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते.

आधी नावं गेली. मग वार. मग एका पहाटे ते स्वतःच गेले — बनियनवर, अनवाणी, कधीच विकून टाकलेल्या अडतीपर्यंत, आणि शटरसमोर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला किल्ली मागत राहिले. दुकान आता महांतेशचं होतं, खतं-बियाणांचं. त्यानं त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि गाडीवर बसवून घरी आणून सोडलं. 'काकू, अप्पा सहज येऊन गेले बगा,' एवढंच म्हणाला. त्या चांगुलपणानं तिला जास्त लाज वाटली. त्याच दिवशी तिनं दाराला वरच्या अंगाला दुसरी कडी बसवून घेतली. अप्पांचा हात तिथवर पोचायचा, पण आठवण पोचायची नाही. तेव्हापासून ती झोपते ती एक कान जागा ठेवून. मी झोपते असं आपलं म्हणायचं. खरं तर मी आडवी होते.

शेजारची हरणाबाई ताकाची लोटी घेऊन आली आणि उंबऱ्यातच टेकली.

"वैनी, पान्यावर ऱ्हायचं म्हनं तुमी? तितं भाकरी मिळती का?"

"मिळत असंल काहीतरी."

"आन् अप्पास्नी?" हरणाबाईनं आवाज खाली आणला, खरं तर अप्पा ऐकत नव्हते. "सांभाळा बया. घरात कडी हाय, गल्ली हाय, चार मान्सं हायती. तितं उटून गेले तर कुटं हुडकायचं? पान्यावर काय पावलं उमटत्यात?"

शिवकन्या हसली. ताक भांड्यात ओतलं, लोटी विसळून परत दिली, लिंबाची फोड मागितली तर तीही दिली. हरणाबाई गेली तरी ते वाक्य मात्र उंबऱ्यातच बसून राहिलं, पाय पसरून.

जेवणं झाली. अप्पांनी दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली, हात धुतला आणि जेवायला कधी वाढणार म्हणून विचारलं.

"आत्ताच जेवलात की."

"व्हय का? बरं."

त्यांचं ते 'बरं' तिला सगळ्यात जास्त दमवत होतं. पूर्वी हा माणूस कशालाच बरं म्हणत नसे. भाजीत मीठ, शुभांगीचं पुण्याचं कॉलेज, तिचं माहेरी जाणं — प्रत्येक गोष्टीवर आधी नाही, मग घासाघीस, मग उपकार केल्यासारखं हो. तेव्हा भांडता तरी यायचं. आता रागवावं तर कुणावर... तो रागीट माणूस गावाला गेल्यासारखा निघून गेला होता आणि आपल्या जागी हा आज्ञाधारक म्हातारा बसवून गेला होता, याला सांभाळ म्हणून, न विचारता, नेहमीसारखंच न विचारता.

अप्पांचा डोळा लागला. तिनं चष्मा आणला आणि बाल्कनीच्या खोलीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. पांढरा पलंग. काचेचं सरकतं दार. दारापलीकडं दोन वेताच्या खुर्च्या, कमरेएवढा कठडा, आणि पुढं निळं, नुसतं निळं. तिनं स्वतःला एका खुर्चीत बसवलं. हातात चहा दिला. सकाळची वेळ केली. कुणी हाक मारत नव्हतं, कुणी बटण लावून मागत नव्हतं, आणि अंग असं हलकं होतं की तिला कळलं, आपण रात्रभर झोपलो होतो; सलग, दोन्ही कान झोपलेले, लग्नाच्या आधी मुलगी झोपते तसं... चहाचा घोट घेऊन तिनं शेजारी पाहिलं. दुसरी खुर्ची रिकामी होती.

आत असतील, तिनं स्वतःला सांगितलं. आत झोपले असतील. पण आत पलंगावर फक्त तिच्या बाजूची चादर विसकटलेली होती, आणि काचेचं दार... दार तर ती येण्याआधीच उघडं होतं.

मी काही केलं नाही. मी झोपले होते. माणसानं कधी झोपायचंच नाही का? एवढी वर्षं मी जागी होते ते कुणी पाहिलं होतं? खोली लेकीनं घेतली, बापाला बंद खोलीत कोंडल्यासारखं होईल म्हणून घेतली, चांगल्या मनानं... शुभांगी रडत होती, हरणाबाई म्हणत होती बया म्या सांगितलं हुतं, आणि पांढऱ्या कपड्यातला कुणी अधिकारी मान हलवत होता, खरंय बाई, माणूस झोपतो...

तिनं मोबाइल पालथा केला. पदरानं मान पुसली. ती भ्याली होती ती त्या रिकाम्या खुर्चीला नाही. सांगायचं काय, कुणाला, कुठल्या शब्दांत, हे सगळं तयार होतं. एका फोटोपुरत्या वेळात इतकं तयार होत नाही. हे कधीपासून शिजत होतं आत? आणि आपण वर झाकण ठेवून भाकऱ्या थापत होतो?

"काय बघायलीस?" अप्पा जागे झाले होते.

"काही न्हाय. जहाजाची खोली. बोली लावायची हाय."

त्यांची मान वर झाली. डोळ्यांत काहीतरी येऊन उभं राहिलं, जुन्या ओळखीचं, बाजाराच्या दिवशीचं.

"किती गिऱ्हाईकं हायती?"

"दिसत न्हाईत. कोण किती लावतंय कळतच न्हाय."

"मग रुमालाखालचा सौदा हाय." ते समाधानानं म्हणाले. त्यांच्या वडलांच्या वेळी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही. "एक ध्यानात ठेव. माल आपल्याला पायजे, हे तोंडावर दिसू द्यायचं न्हाय."

तिचा हात आपसूक स्वतःच्या तोंडावर गेला. ती त्यांच्याकडं बघत राहिली. पण ते पुन्हा बटणाकडं वळले होते, आणि बटण त्यांना सापडत नव्हतं. तिनं जाऊन ते लावून दिलं. तिच्या तोंडावर त्यांना काही दिसलं की नाही, देव जाणे.

ऊन कलल्यावर शुभांगीचा फोन आला. मागं ऑफिसचा गलका होता.

"आई, लावलीस का? सरळ बाल्कनीला हिरव्यात ने. आपल्याकडून होत असताना मागं कशाला राहायचं? अप्पांना मोकळं वाटेल."

"त्या काचेच्या दाराला कडी असती का गं? वरच्या बाजूला?"

"कडी?" शुभांगी हसली. "आई, ते जहाज आहे."

"म्हणून तर विचारायले."

शुभांगी ऑफिसातून बाहेर आली असावी, गलका मागं पडला. मग ती म्हणाली, "आई... मीपण येऊ का जहाजावर, रात्री तुमच्या खोलीत झोपायला? मी येते हवं तर. सुट्टी काढते."

हो म्हणावं. किंवा सांगून टाकावं, की पोरी, मला भीती कडीची नाही, मला माझीच... पण असलं लेकीला सांगतात का? बापाविषयी? शिवकन्येनं विचारलं, "नुसती खिडकी असलेली खोली न्हाय का? न उघडणारी?"

"आहे की. मधली. पण आई, समुद्र काचेतूनच दिसणार."

"काचेतून दिसला तर काय बिघडलं?"

फोन ठेवून तिनं तीच खोली उघडली. काचेआड गोल समुद्र, ताटलीत वाढल्यासारखा. तिनं पट्ट्यावरचं बोट पार टोकापर्यंत नेलं, हिरव्याच्याही कडेला, आणि दुसरा विचार यायच्या आत बोली पाठवून दिली. मिळेल का, ते निघायच्या आदल्या दिवशी कळणार होतं. सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. त्या बाल्कनीच्या खोलीतली ती सकाळ, तो चहा, ती झोप — तिनं ते सगळं आपल्या हातानं दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं होतं.

संध्याकाळी दोघं ओट्यावर बसली. गल्लीत म्हशी परतत होत्या, धूळ आणि शेणाचा वास हवेत टांगलेला. अप्पा म्हशींकडं बघत होते. बघता बघताच त्यांनी विचारलं,

"झाला का सौदा?"

त्यांना लक्षात होतं. दुपारचं, चक्क दुपारचं लक्षात होतं.

"झाला. खिडकीची खोली घेतली. मिळंल बहुतेक."

"उघडती का खिडकी?"

"न्हाय."

"मग बरं केलंस." त्यांनी तळहात गुडघ्यावर घासले. "मला दार दिसलं की जावंसं वाटतंय गं. कुठं, ते ठाऊक न्हाय. नुसतं जावंसं वाटतंय. आन् तू तर दमलेली असतीस."

पुढं काही होतं की तेवढंच होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. ते पुन्हा म्हशी बघू लागले होते, पहिल्यांदाच बघत असल्यासारखे.

तिला वाटलं, आता आपल्याला यांची माया यावी. आलीही, पण तिच्या आधी आला तो राग. जुना, ठसठशीत, कित्येक वर्षांत न आलेला. म्हणजे यांना ठाऊक होतं. आपण दिवसभर एकटीनं छातीशी धरून बसलो, घामाघूम झालो, स्वतःच्या सावलीला भ्यालो, आणि या माणसानं ते असं ओट्यावर मांडलं, दमलेली असतीस म्हणून माफही करून टाकलं — न विचारता. इतक्या वर्षांत तेवढं एकच गुपित तर माझं स्वतःचं होतं. तेसुद्धा...

पण राग आला म्हणजे रागवायला समोर कुणीतरी होतं. तिनं मान वळवून त्यांच्याकडं नीट पाहिलं. पांढरी खुंटं, उघडं राहिलेलं तोंड, आणि डोळे, जे आत्ता कुणाचे होते ते सांगता येत नव्हतं.

"लई वंगाळ माणूस तुम्ही," ती म्हणाली.

"बरं," अप्पा म्हणाले, आणि हसल्यासारखे दिसले. किंवा उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली असेल.

आता रडू येणार, म्हणून ती वाट बघत राहिली. आली ती जांभई. मोठी, जबडा दुखवणारी, डोळ्यांत पाणी आणणारी. आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तोंडावर हात न धरता, तिनं ती सबंध येऊ दिली.