तीन कुलपांची सभा

पुण्याच्या नर्सिंग कॉलेजातली साक्षीची जागा गेली. ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली आणि विषय तिथं संपला. मात्र आमच्या मंडळाच्या इतिवृत्तात असं काही घडल्याची नोंद नाही. मी मंडळाचा सदस्य आहे, त्यामुळे तसं काही घडलेलंच नाही असं धरून पुढचं सांगतो.

जुन्नरला आमच्या भागात पालिकेनं एक समाजकेंद्र बांधलं आणि चालवायला आम्हां सात जणांच्या मंडळाकडं दिलं. पगार नाही, मानधन नाही, चहा ज्याचा त्यानं प्यायचा. एक सदस्य पंचविशीच्या आतला असावा अशी नियमावलीत अट होती, म्हणून मी. माझं काम गणपूर्तीचा चारचा आकडा भरणं. चार भरली की सभा कायदेशीर.

दोन हजार दोन साल, ऐन लग्नसराई. अध्यक्ष दादाभाऊंना केंद्र लग्नांसाठी मोकळं हवं होतं. सचिव कुशाबा, कोर्टातले निवृत्त कारकून, यांना तिथली पोरांची अभ्यासिका टिकवायची होती. उपाध्यक्ष गेणभाऊ जुने पैलवान. त्यांना कॅरम पाहिजे होता. एका संध्याकाळच्या सभेत तिघं एकमेकांच्या अंगावर गेले आणि शेवटी एकमतानं ठराव झाला: निर्णय होईपर्यंत केंद्र बंद, दाराला तिघांची तीन कुलपं. मंडळाचं एकमत झालेला तो पहिलाच ठराव, म्हणून टाळ्याही वाजल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पोरं यायच्या आत, तिघांनी येऊन कुलपं लावली. आधीचं कुलूप कडीला उघडंच लटकत होतं. दादाभाऊंना वाटलं, कुशाबांनी उघडून आत बघितलं असणार. कुशाबांना वाटलं, अध्यक्षांनी पाहणी केली असणार. गेणभाऊंना काही वाटलं नाही. वीज गेलेली. मागच्या खोलीत साक्षी मेणबत्तीच्या उजेडात शेवटची उजळणी करत होती. सगळ्यांत आधी तीच यायची, म्हणून जुन्या कुलपाची किल्ली तिच्याकडंच असायची. कालच्या ठरावाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती पिशवी घेऊन निघाली, तर दार हलेना.

मी दूध घालायला चाललो होतो. दादाभाऊंनी सायकलचं हँडल धरलं.

"चल. तू चौथा."

ओट्यावर तिघं उभे होते. खिडकीच्या गजांमागं साक्षी.

"काका, सहा वीसची गाडी आहे मला. दहाला मुलाखत आहे. दहानंतर आत घेत नाहीत, जागा पुढच्या नंबरला देतात."

"अगं, मग बोलायचं न्हाई का आधी?" दादाभाऊ म्हणाले.

"कुणाला बोलू? तुमी कुलूप लावताना विचारलं का, कोण हाय आत?"

यावर तिघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि प्रत्येकानं आपापल्या खिशावर हात ठेवला. अडचण साधी होती. जो पहिल्यांदा आपलं कुलूप काढेल त्याचा केंद्रावरचा ताबा सुटणार आणि उरलेल्या दोघांची कुलपं तशीच राहणार.

"कुशाबा, काढा तुमचं. तुमचीच अभ्यासिका हाय," दादाभाऊ म्हणाले.

"आधी अध्यक्षांचा मान."

"गेणभाऊ?"

"मी शेवटी काढणार. लावलं बी शेवटी व्हतं."

"तिघांनी एकदमच काढा की," मी म्हणालो.

"एकदम म्हंजी? तीन म्हणल्यावर एखाद्यानं किल्ली फिरवलीच न्हाई तर?" दादाभाऊ म्हणाले, आणि हे म्हणताना ते स्वतःबद्दलच बोलत असावेत असं मला वाटलं.

तेवढ्यात साक्षीची आई, उज्ज्वलाताई, पोळ्यांचा डबा घेऊन आली. लेकीला गाडीत बसवून द्यायला स्टँडवर जायचं होतं तिला. तिनं एकदा खिडकीकडं पाहिलं, एकदा कुलपांकडं. डबा ओट्यावर ठेवला आणि गटारीच्या कडेचा दगड उचलला.

"उज्ज्वलाबाई, पालिकेची मालमत्ता हाय!" दादाभाऊ ओरडले.

"माझी पोरगी बी कुणाची तरी हाय का न्हाई?"

दोन घावांत गेणभाऊंचं कुलूप तुटलं. बाकीची दोन मजबूत होती, दगडाच्याच कपच्या उडाल्या.

"माझंच का?" गेणभाऊंचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "आता हितं माझं काय ऱ्हायलं?"

स्टँड जवळच होतं. गाडी फलाटाला लागल्याची घरघर ऐकू आली. उज्ज्वलाताईनं दगड टाकला. "मी कंडक्टरला धरून ठेवते. तवर काढा भाऊ, पाया पडते तुमच्या," म्हणाली आणि पळाली. डबा तिथंच राहिला.

कुशाबा साक्षीच्या बाजूचे होते, त्यामुळे त्यांनी कायदा आठवायला सुरुवात केली.

"ठरावानं लावलेली कुलपं ठरावानंच निघतील. मग कुणाची हार न्हाई. सभा घ्या. चौघं आहोत."

"सभा केंद्राच्या वास्तूतच झाली पाहिजे," दादाभाऊ म्हणाले. हा नियम आम्हीच केला होता. मागं एकदा दादाभाऊंच्या दुकानात सभा घेऊन त्यांनी सगळं मंजूर करून घेतलं होतं.

"वास्तू बंद आहे."

"मग सभा बी बंद."

"हात!" कुशाबा ओरडले. "गजातून हात आत घातला की माणूस आत हजर. मत हातानंच देतो ना आपण?"

दादाभाऊंनी विचार केला. यात त्यांना खोट सापडली नाही. आम्ही तिघांनी खिडकीतून हात आत घातले. आत साक्षी आमच्या तीन पंजांसमोर पिशवी छातीशी धरून उभी.

गेणभाऊंचा हात मनगटापाशी अडकला.

"घाला की राव!"

"न्हाई जात. जोर काढल्याला हात हाय, गवार न्हाई."

"तेल लावा," साक्षी आतून म्हणाली. "आईच्या डब्यात लोणचं असंल, त्याचं लावा!"

लावलं. मनगट लाल झालं, पण पुढं सरकलं नाही. उरलेले तीन सदस्य लग्नाला पांगलेले, एक राजुरीला, दोन डिंगोऱ्याला. स्टँडकडून लांबलचक हॉर्न आला, मग कंडक्टरशी भांडणारा उज्ज्वलाताईचा आवाज.

"हजर तीन," कुशाबा अगदी बारीक आवाजात म्हणाले. "गणपूर्ती न्हाई. सभा तहकूब. तहकूब सभा अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी, तिला गणपूर्ती लागत न्हाई. मग तिघांत बी चालतं."

"अर्धा तास?" साक्षी म्हणाली. "काका, तुमचा हात तर आत आहे. मुठीत किल्ली आहे. ती सोडा, मी ह्याच्याकडं देते, हा तुमचं कुलूप काढील."

खरंच होती. कुशाबांनी ती मूठ बघितली, मग दादाभाऊंची मूठ बघितली. दोन्ही मुठी घट्ट झाल्या. साक्षीनं कुशाबांची बोटं उलगडायचा प्रयत्न केला. म्हातारा रडत होता, पण बोटं सोडत नव्हता.

हॉर्न पुन्हा आला, या वेळी पुलाकडून.

अर्ध्या तासानं आम्ही परत हात घातले, ठराव तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला आणि कुलपं निघाली. साक्षी बाहेर आली, कुणाकडं न बघता आईचा डबा उचलला आणि स्टँडकडं चालू लागली. मायलेकी वडापच्या जीपनं नारायणगाव, तिथून मिळेल त्या गाडीनं पुण्याला गेल्या. लग्नसराईच्या गर्दीत जागा मिळून पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. पुढच्या नंबरची मुलगी आत गेली होती. पुढच्या वर्षी साक्षीचं नाव यादीत लागलं नाही.

इतिवृत्तात लिहिलंय: "सभा खेळीमेळीत पार पडली." खाली चौथी सही गेणभाऊंची आहे, "बाहेरून हजर" म्हणून.

मी मंडळाला एक अर्ज दिलाय. तो दर सभेत विषयपत्रिकेवर शेवटी येतो आणि वेळेअभावी पुढं ढकलला जातो. मजकूर असा:

मा. अध्यक्ष महोदय, सदर दिवसाची सकाळ गणपूर्तीअभावी तहकूब झाली असे समजण्यात यावे, व ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा घेण्यात यावी. सहा वीसची गाडी फलाटास उभी असावी. तहकूब सकाळीस गणपूर्तीची आवश्यकता नसल्याने मंडळातील कोणीही हजर राहू नये, ही नम्र विनंती.