चाललं, सर

पुष्करला दिल्लीजवळच्या मानेसरात कुणी अडकवलं असेल तर ते त्याच्याच तोंडाने. पुण्याहून कंपनीने त्याला थोड्या दिवसांसाठी म्हणून इथल्या कारखान्यात पाठवलं होतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा हा कारखाना. तिथल्या कॉम्प्युटर रूममध्ये एक जुनंपुराणं सॉफ्टवेअर कुणाच्या हाताला दाद देत नव्हतं. या पठ्ठ्याने पहिल्याच आठवड्यात ते सुरू करून दाखवलं आणि साहेबांकडे वळून, वर्गात पहिला आल्यासारख्या चेहऱ्याने म्हणाला, "चाललं, सर." झालं. शहाण्या माणसाने असं काही बोलण्याआधी खोलीत कोण कोण आहे ते तरी बघावं! त्याला आता पाच वर्षं झाली आणि पुष्कर अजून त्याच खोलीत होता.

ते सॉफ्टवेअर होतं गेटचं. माल भरलेला ट्रक बाहेर पडताना त्याचं वजन, चलन, नोंद, सगळं त्यावर व्हायचं. असा प्रोग्राम हवेत उभा राहत नाही, त्याच्या खाली फ्रेमवर्क नावाचा तयार सांगाडा लागतो, आणि त्या सांगाड्याची दर वर्ष-दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघते. गेटचा प्रोग्राम रचलेला होता तिसऱ्या व्हर्जनवर, माल तपासणीचा सहाव्यावर आणि साहेबलोकांचे नवे रिपोर्ट नवव्यावर. तिन्ही व्हर्जन पुष्करच्या एकाच कॉम्प्युटरवर राहत होती, म्हणजे तीन जावांनी एका ओट्यावर स्वयंपाक करावा तशी. एकीने डबा सरकवला की दुसरीचं बिनसायचं. कोणतं व्हर्जन पुढे यायचं आणि कोणती दोन मागे सरायची, हे एका ओळीच्या कमांडवर ठरायचं, आणि ती ओळ चुकली की पडदाभर लाल अक्षरं. त्यातून तिसरं व्हर्जन इतकं म्हातारं, की ते जिथून उतरवून घ्यायचं ती जागाच इंटरनेटवरून नाहीशी झाली होती. "ते आता फक्त माझ्या मशीनवर आहे," असं पुष्कर सांगायचा. सांगताना कुरकुरीचा सूर लावायचा, पण आतून त्याला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला!

बरं वाटण्यासारखं दुसरं होतं तरी काय? रुचिरा, त्याची बायको, पहिली दोन वर्षं दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये त्याच्याबरोबर राहिली. मग तिला पुण्यातल्या कॉलेजात नोकरी मिळाली आणि ती लेकीला घेऊन गेली. "तू मागून ये, दिवाळीपर्यंत," असं म्हणून गेली. कोणती दिवाळी, ते तिनेही हल्ली विचारणं सोडलं होतं. लेक साडेचार वर्षांची. बाबा हा प्राणी फोनमध्ये राहतो अशी तिची पक्की समजूत. परवा बोलता बोलता बॅटरी संपत आली तेव्हा ती आईला म्हणाली, "बाबाला चार्जिंगला लाव." रुचिरा खूप हसली. पुष्करही हसला आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात नळ सोडून उभा राहिला.

पुण्याच्या ऑफिसात त्याच्यासाठी जागा होती. मॅनेजर जयंत सरांची अट एकच. "माझं काही म्हणणं नाही रे. गेटचं काम सांभाळणारा एक माणूस तयार कर आणि खुशाल जा." जयंत सर दिल्लीतच वाढलेले, गोड बोलणारे; त्यांच्यावर रागावणंही जमायचं नाही. त्यांनी आधी साकेत नावाच्या पोराला पाठवलं. महिनाभर त्याने डोकं आपटलं, त्याच्या कॉम्प्युटरवर तिसरं व्हर्जन काही चालेना. तो नव्या प्रोजेक्टवर निघून गेला. मग देविका आली. तिच्याही पडद्यावर लाल अक्षरं. तीही गेली. राजीनामा देऊन मोकळं व्हावं म्हणून पुष्करने पुण्यात तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. तिथे विचारायचे अकराव्या-बाराव्या व्हर्जनचं, आणि याचं सगळं आयुष्य तिसऱ्यात गेलेलं. "कळवतो," असं तिन्ही ठिकाणी फार प्रेमाने सांगितलं गेलं. पुढचं दार बंद आणि मागचंही बंद, असा तो मधल्या मधे बसून होता.

आणि मग आली निधी. चोवीस वर्षांची, द्वारकेतच जन्मलेली आणि वाढलेली. कंपनीची बस दोघांना एकाच चौकातून उचलायची. पहिल्याच दिवशी पुष्कर फोनवर रुचिराशी बोलत होता ते ऐकून ती सीट बदलून शेजारी येऊन बसली. "अच्छा, तुम्ही मराठी! मग मी सर नाही बोलणार हं, दादा बोलणार. ऑफिसमध्ये मराठी बोलायला कोणीच नसतं यार." तिचं मराठी अर्धं हिंदी होतं, आणि 'उद्या' व 'काल' यांतही मधूनच गल्लत व्हायची, पण पुष्करला ते ऐकायला आवडायचं. येता-जाता तो तिला सगळं सांगायचा. रुचिराचं, लेकीच्या चार्जिंगचं, मुलाखतींचंही. एकटा माणूस बोलायला लागला की कुठे थांबावं ते त्याला कळत नाही.

निधी हुशार होती. तीन आठवडे झाले तरी तिच्या कॉम्प्युटरवर गेटचा प्रोग्राम चालेना, याचं पुष्करला नवल वाटायचं आणि थोडं समाधानही. त्या दिवशी सकाळी जयंत सरांचा फोन आला. "दुपारी येतोय. निधीचं झालं असेल तर तुझी बदली आजच पुढे पाठवतो. नाही झालं तर बाबा आता हा विषय पुढच्या वर्षी. सारखी माणसं नाही देऊ शकत."

पुढच्या वर्षी! जेवणाच्या सुट्टीत निधी कँटीनला गेली तेव्हा पुष्कर जेवायचा राहिला आणि तिच्या खुर्चीवर जाऊन बसला. तीन तास हातात आहेत, आपणच बसवून देऊ, असा त्याचा सरळ हेतू. तिने आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते बघावं म्हणून त्याने कमांडच्या काळ्या खिडकीत वरच्या बाणाचं बटण दाबलं. ते दाबत गेलं की आधी दिलेल्या कमांड एकेक करून उलट्या क्रमाने दिसतात.

पहिलीच दिसली ती नववं व्हर्जन पुढे आणायची. त्याच्या आधीची, गेटचा प्रोग्राम बंद करायची.

बंद करायची? जो चाललाच नाही तो बंद कशाला करायचा? पुष्करने पुन्हा बाण दाबला. त्याच्या आधी होती प्रोग्राम सुरू करायची कमांड, आणि त्याही आधी तिसरं व्हर्जन पुढे आणायची. तो दाबत गेला. काल हेच, परवाही हेच. तिने तिसऱ्या व्हर्जनच्या सगळ्या फाइली पुष्करच्या मशीनवरून ऑफिसच्या नेटवर्कमधून सरळ कॉपी करून घेतल्या होत्या आणि ती रोज एकदा प्रोग्राम चालवून, बघून, बंद करून, परत नववं पुढे आणून ठेवत होती. पुष्करने तिसरं पुढे घेतलं आणि प्रोग्राम सुरू केला. गेटचा हिरवा पडदा लख्ख उघडला. लाल अक्षर नावाला नाही.

"दादा."

निधी मागे उभी होती. तिच्या हातात चहाचे दोन कप होते, एक त्याच्यासाठी आणलेला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

तिने कप खाली ठेवले. लपवण्यात अर्थ नाही हे तिला कळलं असावं. "दुसऱ्याच आठवड्यापासून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सरांना सांगितलं असतं ना." ती खाली बघून बोलत होती. "साकेत भैयाचं तर दोन दिवसांत चाललं होतं. देविका दीदीचं पण. तिनेच मला फोनवर समजावलं. कसं चालवायचं ते पण, आणि सर आले की कसं नाही चालवायचं ते पण. सबको पता है दादा. इथे चाललं बोललं की माणूस गेला."

पुष्करला थोबाडीत बसल्यासारखं झालं. पाच वर्षं तो समजत होता की हे काम त्याच्याशिवाय कुणाला जमत नाही. जमत सगळ्यांना होतं. हो म्हणणारा गाढव तेवढा एकटाच निघाला होता. त्या पोरांचा राग यावा तर तोही नीट येईना, कारण लाज त्याहून मोठी होती.

"तुम्हीच सांगितलं ना मला, इंटरव्ह्यूचं," निधी म्हणाली. "इथे तीन-चार वर्षं काढली की मला पण कोण घेणार? मी आत्ता तर सुरुवात केली आहे. प्लीज दादा. सरांना नका सांगू. बिल्कुल नका सांगू."

पुष्कर खुर्चीवरून उठला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. तिने मुकाट्याने प्रोग्राम बंद केला, नववं व्हर्जन पुढे आणून ठेवलं. चहा दोघांनीही घेतला नाही.

दुपारभर पुष्कर स्वतःशी भांडत राहिला. पोरगी बोलली त्यात खोटं काय होतं? तिच्या जागी आपली बहीण असती तर तिला आपण काय सांगितलं असतं? पळ म्हणून सांगितलं असतं, मागे वळून बघू नकोस म्हणून सांगितलं असतं. गप्प बसायचं, एवढंच तर ती मागत होती. आणि पाच वर्षं काढली त्याला सहावं काय जड होतं. इतकं सगळं पटवून झाल्यावर त्याला चार्जिंगला लावलेला बाबा आठवायचा आणि मांडलेलं सगळं पुन्हा विस्कटायचं.

जयंत सर आले ते हसतमुख. "चलो निधी, दाखव बघू." ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले, पुष्कर शेजारी. निधीने प्रोग्राम सुरू करायची कमांड दिली. नववं व्हर्जन पुढे असल्यावर काय व्हायचं? पडदाभर लाल अक्षरं धावली. तिने आणखी एकदा दिली, पुन्हा तेच.

"सॉरी सर," ती म्हणाली. "नाही होत आहे." तिने पुष्करकडे पाहिलं नाही.

जयंत सरांनी सुस्कारा सोडला आणि पुष्करच्या खांद्यावर हात ठेवला. "मग काय रे आता? तुझ्याशिवाय इलाज नाही बघ. तूच इथला राजा."

राजा हा शब्द त्यांनी उच्चारला नसता तर पुष्कर कदाचित गप्प बसला असता. त्याने वाकून निधीच्या हातावरून हात नेला, कीबोर्डवर ती एक ओळ टाइप केली, तिसरं व्हर्जन पुढे आणलं आणि प्रोग्राम सुरू केला. हिरवा पडदा उघडला. निधीने आपले दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर घेतले.

"अरे!" जयंत सर म्हणाले. "हे कसं काय?"

"फक्त व्हर्जन चुकीचं लागलं होतं, सर. बाकी सगळं तिनेच बसवलंय. मी काही केलेलं नाही." पाच वर्षांत पुष्करने कुणाची इतकी खरी स्तुती केली नव्हती. "माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं."

"शाब्बास! मी म्हणालोच होतो, ही मुलगी हुशार आहे." जयंत सरांनी तिथेच उभ्या उभ्या फोनवरून पुण्याला मेल केली आणि निधीशी हात मिळवला. तिने उठून, ओठांवर हसू आणून "थँक यू सर" म्हटलं. सर गेल्यावर ती पुन्हा बसली आणि गेटच्या त्या पडद्याकडे बघत राहिली. पुष्करला वाटलं, आता ही रडेल किंवा चार शब्द तरी सुनावेल. तिने फक्त विचारलं, "रोज सकाळी हे किती वाजता सुरू करावं लागतं, सर?"

दादा नाही, सर. त्याने वेळ सांगितली.

संध्याकाळच्या बसमध्ये ती सगळ्यात पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. पुष्कर नेहमीच्या जागी बसला; शेजारची सीट रिकामी. खेडकी दौलाच्या टोलला गाडी रखडली तेव्हा त्याने रुचिराला फोन लावला. बातमी ऐकून ती एकदम रडायला लागली, मग रडता रडताच हसायला लागली. मागून लेक ओरडत होती, "काय झालं? काय झालं?" पुष्करच्याही डोळ्यांत पाणी आलं. आनंदच होता तो, त्यात काही खोट नव्हती. छातीवरचा धोंडा खरंच उतरला होता.

"पण माणूस मिळाला कोण शेवटी?" रुचिराने नाक पुसत विचारलं.

"एक मुलगी आहे. निधी. मी सांगितलं होतं ना, बसमध्ये भेटते ती."

"ती दादा म्हणणारी? अय्या, किती गोड! बरं झालं बाई, आपलंच कुणीतरी मिळालं. तू इकडे येण्याआधी तिला एकदा घरी जेवायला बोलाव. आणि माझ्याकडून थँक यू सांग हं, आठवणीने. खरंच, तिच्यामुळे सुटलास तू."

पुढे, ड्रायव्हरच्या मागे, निधीने खिडकीला डोकं टेकलं होतं.

"सांगतोस ना?" रुचिराने पुन्हा विचारलं.

"सांगतो," पुष्कर म्हणाला, आणि जागेवरून हलला नाही.