उंदराचं शेपूट

खट्... धुण्याच्या मशीनचं दार सुटलं आणि घरातली शांतता एकदम कानाला टोचली. म्हणजे आणखी एक तास गेला. संगणकाच्या पडद्याच्या मधोमध तो पांढरा बाण दुपारपासून होता तिथेच — तिने टचपॅडवरून बोट फिरवलं, हलकेच, मग दाबून, मग पदराला पुसून पुन्हा... झोपलेल्या लेकीच्या पाठीवरून फिरवावं तसं. बाण ढिम्म.

संगणक अद्ययावत करायची सूचना आली की तीन महिने ती ‘नंतर आठवण करून द्या’ यावर दाबत आली होती. आज लेक मांडीवर पेंगत होती, बोट घसरलं, आणि संगणकाने स्वतःला नवं करून घेतलं. नवा झाला तो तिला ओळखेनासाच झाला.

चारपर्यंत सोळा पानं लावून पाठवायची होती. लेक झाल्यावर सोडलेल्या छापखान्यात परत घेण्याआधीची ही परीक्षा... तुझी जागा धरून ठेवलीय, तिथल्या ताई म्हणाल्या होत्या, पण आजच्यापुढे मला नाही धरता यायची. बारा पानं झाली होती. उरलेल्या चारांत चित्रं मजकुराशेजारी सरकवायची, आणि बाणाशिवाय चित्र पकडताच येत नव्हतं.

दिराला फोन केला. बंद करून चालू केलंत का वहिनी, माणसांनाही मी हेच सांगतो, तो गमतीने म्हणाला. तीनदा केलं होतं. मग माउस वापरा... माउस कुठला? रविवारी लेकीने ‘उंदराला’ मगात बुडवून आंघोळ घातली होती, वर बाहुलीची टोपी. तेव्हा ती स्वतःच पोट धरून हसली होती — टचपॅड आहे की! तेव्हा होतं.

पूर्वी तिची बोटं न बघता पानं लावायची. आता ती लेकीची बटणं लावतात, नाक पुसतात, कपाळावर ताप बघतात... जुनं काही त्यांना आठवतं का, ते आज कळणार होतं.

चार वाजून सात मिनिटांनी फोन थरथरला. ताईंचा निरोप : ‘राहू दे गं आता. दुसरीला हो म्हटलं. मनाला लावून घेऊ नकोस.’

लेक डोळे चोळत आली, मांडीवर चढली, आणि संगणकाच्या कडेला खोचलेला बिनतारी माउसचा नखाएवढा तुकडा तिने चिमटीने उपसला.

“उंदराचं शेपूट राहिलंय इथे.”

बाण थरारला. बोटाबरोबर निघाला.

एवढंच होतं तर... शेपूट खोचलेलं, म्हणून संगणकाला वाटत राहिलं, माउस आहे. आणि माउस असला की टचपॅड बंद, हा त्याचा नवा नियम. नसलेल्या उंदराची जागा इमानाने राखत बसलं होतं ते शेपूट बिचारं. माझ्यासारखंच, तिला वाटलं.

तिने बाण गोल फिरवला, मग पुन्हा एकदा... लेकीला गंमत वाटावी म्हणून, की हात थांबला तर रडू फुटेल म्हणून. तेराव्या पानावरचं चित्र तिरकं पडलं होतं. बाण त्याला शिवून पुढे गेला.

“सुटला तो,” लेक म्हणाली. मग मान वळवून तिच्याकडे बघत राहिली. “आई, आता त्याला कुठे न्यायचं?”